गाणाऱ्याच्या मागचा दुसरा आवाज

रेवदंड्याच्या बाजारपेठेत माझं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकली जातात. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याची तार फार दिवस टिकत नाही. सोल्डर केलेले सांधे हिरवे पडतात, बारीक वायरी आतल्या आत कुजतात. त्यामुळे माझा धंदा चालला, असंही म्हणता येईल.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. खाडीपलीकडच्या कोर्लईतले, बोटीवर नोकरी करणारे एक गृहस्थ वॉकमन घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, गाणारा हरवलाय. बाजा तेवढा वाजतोय." मी हेडफोन कानाला लावला. आत इंग्रजी गाण्याची कॅसेट होती. व्हायोलिनं स्पष्ट ऐकू येत होती, गाणारा मात्र विहिरीच्या तळाशी उभा राहून गात असावा तसा. त्याचे शब्द नाहीत, शब्दांची घुमी तेवढी.

दोष साधा होता. हेडफोनमध्ये डाव्या कानाची एक तार, उजव्या कानाची एक आणि दोघांची मिळून एक कॉमन तार असते. ही कॉमन तार तुटली की वीज एका कानातून शिरून दुसऱ्यातून उलटी बाहेर पडते. मग दोन्ही बाजूंना जे सारखं ध्वनिमुद्रित झालेलं असतं ते एकमेकांना खोडून टाकतं आणि जे वेगळं असतं तेवढं उरतं. गायकाचा आवाज मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. म्हणून तो जातो. वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली असतात, ती राहतात. दहा मिनिटांचं काम होतं. मी गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून सांगितलं आणि रात्री दुकान बंद केल्यावर ती कॅसेट तशीच, तुटक्या तारेनिशी, दोनदा ऐकली.

गाणारा होता नॅट किंग कोल. वाद्यमेळ गॉर्डन जेंकिन्स यांचा, १९५७ सालच्या 'लव्ह इज द थिंग' या तबकडीतला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री कळलं ते एवढंच, की ज्याला मी आजवर गाण्याखालची गादी समजत होतो ती गादी नव्हती. ती व्हायोलिनं काहीतरी बोलत होती. गाणारा थांबे तिथे ती सुरू होत, तो वर चढे तेव्हा ती खाली उतरत, आणि एखाद्या ठिकाणी तो काही कबूल करतोय असं वाटावं तिथे ती मुद्दाम गप्प बसत. गाणारा काढून टाकल्यावरही प्रेमाचं संभाषण उरलं होतं. फक्त त्यातला बोलणारा माणूस गेला होता आणि ऐकणारी व्यक्ती उरली होती.

संथ, वाद्यवृंदाच्या साथीनं गायलेली जॅझ वळणाची प्रेमगीतं माणसाला का धरून ठेवतात, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या तुटक्या तारेपाशी सुरू होतं. मी संगीताचा पदवीधर नाही. स्टाफ नोटेशन चाळिशीनंतर, पुस्तकावरून आणि हार्मोनियमवर बोट ठेवत ठेवत शिकलो. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षं ही गाणी उसवून पाहण्यात गेली आहेत, आणि आपल्याकडे या गाण्यांची जी कुळकथा सांगितली जाते ती अर्धीच आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी या जातीच्या गाण्याचा जन्म पाहू. जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उड्या मारणारा ट्रम्पेट येतो. पण १९२० च्या दशकातच अमेरिकेत पॉल व्हाइटमन यांच्यासारख्या बँडप्रमुखांनी जॅझच्या स्वरांना व्हायोलिनांच्या ताफ्यात आणून बसवलं. गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' १९२४ मध्ये व्हाइटमन यांच्याच वाद्यवृंदानं प्रथम वाजवली. दुसरी घटना संगीताची नसून विजेची आहे, आणि माझ्यासारख्याला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९२५ मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायकाला भोंग्यासमोर उभं राहून खच्चून गावं लागे. कर्ण्यात ओरडून प्रेम कसं व्यक्त करणार? मायक्रोफोन आला आणि कुजबुज ध्वनिमुद्रित होऊ लागली. बिंग क्रॉस्बी वगैरे मंडळी मायक्रोफोनला लगटून गाऊ लागली. त्या काळच्या रिबन मायक्रोफोनचा एक गुण असा, की तोंड जवळ नेलं की आवाजातला खर्ज वाढतो. आपल्या उशीशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज जसा ऐकू येतो तसा. म्हणजे ही जवळीक गायकाच्या गळ्यात जेवढी होती तेवढीच यंत्रातही होती. आपल्याकडे बोलपट १९३१ मध्ये आला आणि कुंदनलाल सैगल यांनी तीच किमया हिंदीत केली. सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी न गाता ते समोरच्या एका माणसासाठी गायले.

एका माणसासाठी गायचं म्हटलं की लय आपोआप उतरते. फ्रँक सिनात्रा तरुणपणी टॉमी डॉर्सी यांच्या बँडमध्ये गात असे. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कुठे घेतात हे कळत नसे; ते पाहून आपण लांब ओळ एका दमात गायला शिकलो, असं सिनात्रानं पुढे सांगितलं आहे. नेल्सन रिडल यांच्या वाद्यसंयोजनात त्यानं १९५५ मध्ये 'इन द वी स्मॉल अवर्स' ही तबकडी केली. पहाटेपूर्वीच्या एकटेपणाची गाणी, एका भावाची, सलग. रिडलही मुळात ट्रॉम्बोनवाला, आणि तोही काही काळ डॉर्सींच्याच बँडमध्ये होता. दोघांना एकमेकांचा श्वास कळत होता म्हणायला हरकत नाही.

आता या गाण्यांची यंत्ररचना. आपल्या वाचकांना विलंबित ख्याल ठाऊक आहे, म्हणून तिथूनच जातो. विलंबितात आपण समेची वाट पाहतो. गायक कितीही लांब फिरून आला तरी सम कुठे आहे ते त्यालाही माहीत असतं, तबलजीलाही आणि आपल्यालाही. तो समेवर आला की आपण मान हलवतो. संथ जॅझगीतातही वाट पाहणंच असतं, पण ती तालातल्या जागेची नसते, स्वरमेळाची असते. एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांना कॉर्ड म्हणतात. काही कॉर्ड कानाला 'घरी आलो' असं सांगतात, काही 'अजून रस्त्यात आहोत' असं. सातवा, नववा असे स्वर मिसळलेले जॅझचे कॉर्ड जवळजवळ सगळे रस्त्यातले. एक संपतो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून, दुसरा तिसऱ्याकडे. आता घर येणार असं कान ठरवतो आणि वाद्यसंयोजक ऐन दारात वळण घेऊन तिसऱ्याच गल्लीत नेतो. ख्यालात ही फसवणूक चालणार नाही. इथे तिच्यावरच गाणं उभं असतं. लय जलद असेल तर हे वळण कानाच्या लक्षातही येत नाही. संथ असेल तर प्रत्येक कॉर्ड इतका वेळ टिकतो की आपण त्यात राहायला जातो, आणि मग तिथून निघणं जड जातं. संथपणाचं काम हेच.

त्यात गायक तालाच्या किंचित मागे राहतो. ठेका पडून जातो आणि शब्द मागून येतो, जणू म्हणू की नको अशा विचारात. ड्रमवर काठीऐवजी तारांचा ब्रश फिरतो. त्याचा आवाज ठोक्यासारखा नसतो, कुणी पदर सावरावा तसा असतो. ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट बसवला की तोच उर्मट बाजा लांबून येणाऱ्या हाकेसारखा होतो. आणि व्हायोलिनं. एक व्हायोलिन एक स्वर लावतं तेव्हा त्याला धार असते. दहा-बारा व्हायोलिनं तोच स्वर लावतात तेव्हा कुणाचाच स्वर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, केसाएवढा फरक राहतो. त्या फरकांमुळे स्वराची धार जाते आणि त्याचा ढग होतो. बारा वादकांच्या बारा बारीक चुकांमधून तो मऊपणा येतो. पुढे सिंथेसायझरवर तो आणायचा प्रयत्न झाला तेव्हा स्वर मुद्दाम थोडे बिघडवावे लागत.

हे सगळं मुंबईत आलं ते समुद्रमार्गे, आणि उतरलं ते पंचतारांकित जागी. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड मग या देशातच राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारले. त्यांच्याबरोबर वाजवायची संधी काही गोवेकरांना मिळाली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यांतले एक. हल्दोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं ताजमध्ये स्वतःचा बँड चालवू लागले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या २०१२ सालच्या पुस्तकात हा सगळा काळ आला आहे, ज्याला रस असेल त्यानं तो तिथे वाचावा.

पण गोव्याचा माणूस ताजच्या दारात रिकाम्या हातानं आला नव्हता. गोव्यात चर्चला लागून असलेल्या पारिश शाळेत मुलाला सोल्फेज, म्हणजे लिहिलेला स्वर पाहून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. गरीब घरच्या मुलालाही कागदावरचं संगीत वाचता येई आणि त्यावर पोट भरता येई. शिवाय त्याच्या कानात मांडो होता. गोव्यातल्या, विशेषतः सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांचं हे एकोणिसाव्या शतकात घडलेलं प्रेमगीत. चाल संथ, सहा मात्रांच्या हेलकाव्याची. साथीला व्हायोलिन आणि घुमट. विषय बहुतेक वेळा ओढीचा नाहीतर ताटातुटीचा. तोर्कात द फिगेरेद यांचा निरोपाचा मांडो आजही समारंभाच्या शेवटी गातात. आणि माझ्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे मांडो दोन आवाजांत गायला जातो. पहिला आवाज चाल गातो आणि दुसरा त्याच्या तीन किंवा सहा स्वर अंतरावरून त्याच्याबरोबर चालतो. सोबत असतो, पण त्याच जागी नसतो.

आपल्या संगीतात सूर एकच. साथीची सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागून त्याच वाटेनं जाते. दुसऱ्या वाटेनं जाणारा सोबती आपल्या कानाला परका. मला तो लहानपणी भेटला तो कोर्लईत, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला. शाळेतल्या मित्रांबरोबर तरीतून खाडी ओलांडून गेलो होतो. रेवदंडा, चौल आणि कोर्लईचा किल्ला १७४० मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. पण कोर्लईची ख्रिस्ती वस्ती जागची हलली नाही, आणि पोर्तुगीज वळणाची 'नो लिंग' ही बोली तिथे अजून बोलली जाते. तिच्यावर क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. तर त्या मिस्सात बायका गात होत्या आणि त्यांतल्या काही जणी 'चुकीचं' गात होत्या. चुकीचं, पण गोड. मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "ती सेकंड आहे." म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. कोर्लईतून मुंबईच्या जॅझपर्यंत काही ऐतिहासिक धागा जातो असं मी म्हणत नाही. तशी ओढाताण करायची मला गरजही नाही. माझा कान कुठे उघडला एवढंच सांगतोय.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या नाचाच्या जागांची रया गेली. हॉटेलातले वादक सिनेमाच्या स्टुडिओत जाऊ लागले. हल्ली हा इतिहास सांगताना सगळे 'अलबेला'कडे धावतात. १९५१ सालच्या त्या सिनेमात सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर, यांनी चिक चॉकलेटचा बँड थेट पडद्यावर आणला. गाणी झकासच आहेत. पण त्यामुळे असा समज झाला की जॅझनं हिंदी सिनेमाला नाचगाणी दिली. माझं म्हणणं उलट आहे. नाचगाण्यातला जॅझ पाहुणा होता, म्हणून तो ओळखू आला. संथ गाण्यातला जॅझ घरचाच झाला, म्हणून तो कुणाला दिसला नाही.

तो घरचा कसा झाला? स्टुडिओतल्या कामाच्या पद्धतीतून. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल अरेंजरकडे जाई. तो ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवी, खाली कॉर्ड बसवी, ओळींच्या मधले फिलर आणि अंतऱ्याआधीचे इंटरल्यूड लिही किंवा संगीतकारानं सुचवलेले सजवी, आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करी. धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गोव्याच्या एकेका गावानं मुंबईत चालवलेल्या बिऱ्हाडांमध्ये, राहणारे वादक सकाळी स्टुडिओत येत, कागद समोर ठेवत आणि पहिल्याच वाचनात वाजवत. गाणं ऐकलेलं नसे, शब्द ठाऊक नसत, पुष्कळांना हिंदीही जेमतेम येई.

या अरेंजरांत सेबॅस्टियन डिसोझा यांचं नाव मी सर्वांत वर ठेवीन. रेइश मागूशचा हा माणूस फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होता. फाळणीनंतर मुंबईत आला; ओ. पी. नय्यर यांच्याकडे आणि दीर्घकाळ शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यानं वाद्यसंयोजन केलं. स्टुडिओत 'ऑब्लिगाटो' असा शब्द रूढ आहे: गायक गात असतानाच त्याच्या मागे चालणारी दुसरी, स्वतंत्र चाल. सेबॅस्टियन यांचा हात त्यात धरणारा दुसरा नव्हता. अनिल विश्वास यांनी हा प्रयोग आधीच केला होता आणि सलील चौधरी तर आपले स्वरमेळ स्वतःच रचत, हे नोंदवायला हवं. सगळं श्रेय गोव्याला देऊन दुसरा अन्याय करायचा नाही. पण 'श्री ४२०' (१९५५) मधलं पावसातल्या छत्रीचं द्वंद्वगीत घ्या. मन्ना डे आणि लता मंगेशकर प्रेमात पडल्याचं गातात आणि प्रेमाला भितातही. ते गाणं पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा दोघांकडे दुर्लक्ष करून व्हायोलिनांमागे जा. ओळ संपली की ती उचल घेतात, हे सगळ्यांना ऐकू येतं. ओळ चालू असताना त्यांची वेगळी रेघ चालू असते, ती ऐका. हॉटेलातला संथ फॉक्सट्रॉट आणि चर्चमधली 'सेकंड' एकाच ठिकाणी भेटतात. किमान मला तरी भेटतात.

दुसरं उदाहरण 'कागज़ के फूल' (१९५९). सचिनदेव बर्मन यांचं संगीत, गीता दत्त यांचा आवाज. रिकामा स्टुडिओ, वरून उतरणारा प्रकाशाचा झोत, आणि एकमेकांपासून लांब उभे असलेले दोघे. व्ही. के. मूर्तींच्या त्या झोतावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला वेगळी गोष्ट दिसते. गाणं चालू असताना दोघांपैकी कुणाचेही ओठ हलत नाहीत. त्यांच्या देहांतून छायाकृती निघतात आणि मध्यभागी भेटतात; माणसं जागच्या जागी. गीता दत्त यांचा आवाज जर त्यांच्यापैकी एकाच्या मनातला असेल तर दुसऱ्याच्या मनातलं कोण बोलतंय? व्हायोलिनं. प्रेमगीताची अडचणच ही असते की त्यात एक जण बोलतो आणि दुसरा हजर असतो की नाही तेही कळत नाही. वाद्यवृंद त्या दुसऱ्याला हजर करतो, पण त्याला शब्द देत नाही. शब्द दिले तर ते द्वंद्वगीत होईल, प्रश्न सुटेल आणि ओढ संपेल. दुसरा आहे, उत्तर देतोय, पण काय म्हणतोय ते नक्की कळत नाही. खऱ्या प्रेमात पडलेल्या माणसाची नेमकी हीच स्थिती असते.

मराठीत हे का रुजलं नाही, असं कुणी विचारील. प्रेमाचं संथ गाणं आपल्याकडे मुबलक. श्रीनिवास खळे यांनी मंगेश पाडगावकरांच्या शब्दांना दिलेलं आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी गायलेलं शुक्रताऱ्याचं गाणं कोणत्या घरात पोचलं नाही? पण भावगीताचा जीव शब्दात. वाद्यांनी शब्दाला वाट करून द्यायची, आपण मध्ये यायचं नाही, असा तो संस्कार. खळ्यांच्या चालीत इतकी वळणं असतात की एकच रेघ पुरून उरते; तिच्यामागे दुसरी चालवली तर गर्दी होईल. हे उणेपण नव्हे, वेगळी तऱ्हा आहे. कवीचा शब्द आधी येणार असेल तर न बोलणाऱ्या दुसऱ्या आवाजाला जागा राहत नाही.

आपल्या शेजारच्या भाषेत मात्र हे पूर्णपणे रुजलं. मडगावच्या बोर्डा भागातले ट्रम्पेटवादक क्रिस पेरी आणि मुंबईची गायिका लोर्ना यांनी साठच्या दशकात कोंकणीत जी गाणी केली, ती ऐकताना कोकणातल्या मराठी माणसाला अर्धे शब्द समजतात आणि उरलेल्यांची गरज पडत नाही. लोर्नाचा आवाज जाड, किंचित खरखरीत, पितळी वाद्यांशी बरोबरीनं बोलणारा. तिच्या संथ गाण्यांत ट्रम्पेट तिला समजावत नाही, वाद घालतो. 'बेब्दो'सारखी ठसक्याची गाणी जास्त गाजली, पण मी तिच्या रडक्या गाण्यांचा चाहता आहे. रडकी हा शब्द मी गौरवानं वापरतोय. सत्तरच्या दशकात ती गायची थांबली आणि १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. या दोघांच्या गाण्यांवर बेतलेला बार्द्रॉय बार्रेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' हा सिनेमा २०१४ मध्ये आला, आणि त्यानंतर आमच्या भागातली तरुण मुलंही तिची गाणी मोबाइलवर ठेवू लागली.

या गाण्यांवर गुळचटपणाचा आरोप होतो आणि तो पुष्कळदा खरा असतो. माझी परीक्षा सोपी आहे. गाणाऱ्याला मनातल्या मनात बाजूला करावं आणि उरलेलं ऐकावं. व्हायोलिनं तेच सांगत असतील जे गाणारा सांगतोय, तो रडतोय म्हणून तीही रडत असतील, तर तो गुळाचा पाकच. सत्तरच्या दशकात स्टुडिओत साठ-साठ व्हायोलिनं बसू लागली, आणि पुष्कळ गाण्यांत ती सगळी मिळून गायकाच्या पाठीवर थोपटत राहतात. संख्या वाढली, बोलणं संपलं. याउलट चार व्हायोलिनं आणि एक क्लॅरिनेट असतानाही जर ती गायकाला अडवत असतील, विचारत असतील, गप्प बसून त्याला एकटं पाडत असतील, तर गाणं साठ वर्षांनीही शिळं होत नाही.

हे लिहिणाऱ्यांची नावं पाटीवर कशी येत? संगीतकाराचं मोठं, आणि अरेंजर आलाच तर 'सहायक' म्हणून. वादक नाहीतच. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी यावर स्वतःपुरता उपाय शोधला. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक बसवून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले आणि गावी शांतपणे राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं, आणि देशभर लोक एका विदूषकी पात्राचं म्हणून ते नाव गाऊ लागले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक केलं नसतं, तर त्यांचं बरंचसं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं असतं. ध्वनिमुद्रिका उरल्या, ज्या कागदांवरून त्या वाजल्या ते क्वचितच उरले.

म्हणून मी ते कागद कानानं परत लिहायचा उद्योग करतो. पन्नाशीतली हिंदी गाणी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवर मुद्रित; तिथे तुटक्या तारेची युक्ती चालत नाही. गाणं ओळ-ओळ मागेपुढे करत ऐकायचं, गायकाच्या आवाजाखालून वाहणारी दुसरी चाल पकडायची, पेटीवर पडताळायची आणि वहीत उतरवायची. एका गाण्याला महिना लागतो. आतापर्यंत एकेचाळीस गाणी झाली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माहीमला एका वयस्कर व्हायोलिनवादकांकडे जायचा योग आला. साठच्या दशकात ते स्टुडिओत दुसऱ्या रांगेत वाजवत. बोटं वाकडी झाली होती, व्हायोलिन कपाटावर. मी एका जुन्या गाण्यातली दुसरी चाल नुसती पेटीवर वाजवून मोबाइलमध्ये भरून नेली होती. गाणं नाही, शब्द नाहीत, ठेका नाही. ती लावली. आठ-दहा स्वर गेले असतील, अंकलचा डावा हात टेबलावर आला आणि बोटं दाबू लागली. शेवटपर्यंत दाबत राहिली.

"हां, हे आमचं," ते म्हणाले. "पण इथे तू चुकलास, बाबा. हा स्वर उतरलेला पाहिजे. लिहिला होता चढा, रिहर्सलला खाली घेतला."

मी वही काढून तो स्वर दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं, पुन्हा बोटं दाबली, आणि मग विचारलं, "पिक्चर कुठलं रे हे?"

मी सांगितलं. गाणंही गुणगुणून दाखवलं.

"असं होतं होय," ते म्हणाले.